उभे ठेवलेले टायर

सेंत-ओदील, ४ नोव्हेंबर

नॉर्मां,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं, मग खोडलेलं बरं दिसेना म्हणून कागद बदलला. या कागदावर ते घालायचं राहिलं. आहे असं समजून चाल.

फोन तू उचलत नाहीस. ईमेलला 'वाचलं' एवढंच उत्तर देतोस, जणू बहिणीने विजेचं बिल पाठवलंय. म्हणून हा पोस्टाच्या तिकिटाचा खर्च. पत्र निदान फाडून उघडावं तरी लागतं.

बातमी अशी की बाबांनी मादाम बुफारचे भोपळे चिरडले. सगळे. बाईने हॅलोवीनसाठी आठवडाभर बसून कोरले होते, आत दिवे लावले होते, फाटकापासून पायरीपर्यंत दुतर्फा मांडले होते. बाबा मातानच्या वृद्धाश्रमातून आईला भेटून येत होते. आपल्या अंगणात वळायचं ते तिच्या अंगणात वळले आणि शेवटच्या भोपळ्यापर्यंत थांबले नाहीत. मुलं चॉकलेटं मागायला अजून बाहेर पडली नव्हती. हे वाक्य मी तेव्हापासून मनातल्या मनात फिरवतेय. अजून बाहेर पडली नव्हती.

मादाम बुफार झाडू घेऊन आली. म्हणाली, "रोझेर, बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलीत, एका पोराला ओरखडा नाही. माझ्या भोपळ्यांनी काय घोडं मारलं होतं?"

बाबा म्हणाले, "एकानेही पट्टा लावला नव्हता."

सगळे हसले. मीही हसले. मग बाबा हळूच मला म्हणाले, "तिची पायरी अगदी आपल्यासारखी का बांधलीय, विचार तिला." आणि मला हसू येईना.

झालास ना खूश? दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर, साखरेची तार्त कापायच्या आधी तू म्हणाला होतास, "बाबा, आता चाव्या द्या." आणि मी म्हणाले होते की तीन वर्षांतून एकदा विमानातून उतरायचं आणि घराला शिस्त लावून परत जायचं, हा उद्योग छान आहे. तू तार्त न खाता निघालास. ती अख्खी तार्त मी एकटीने संपवली, हेही तुला कळलेलं असू दे.

तू बरोबर होतास असं मी म्हणत नाहीये. मी फक्त टायरांबद्दल लिहितेय. बाबांचे हिवाळ्याचे टायर त्यांच्या शेडमधून काढून मी क्लेरमोंच्या गॅरेजमध्ये तपासायला नेले. तो म्हणतो रबर गेलंय. नवे मिळणं कठीण. नोव्हेंबर आहे, अख्खा क्वेबेक रांगेत उभा आहे. सध्या गाडीवर चार ऋतूंवाले आहेत. तुमच्याकडे व्हिक्टोरियाला, जिथे हिवाळा म्हणजे थोडा जास्त पाऊस, तिथे ते खरोखर चार ऋतू चालत असतील. इथे ते तीनच ऋतूंचे. चौथ्यात त्यांचं रबर दगडासारखं होतं आणि गाडी ब्रेकचं ऐकते ती केवळ शिष्टाचार म्हणून. मला स्वतःला हे मधलं प्रकरण कधीच मानवलं नाही. उन्हाळ्याला उन्हाळ्याचे, हिवाळ्याला हिवाळ्याचे. माझ्याशी लग्न करून सुटलेला माणूसही तुला हेच सांगेल.

तर टायरांचं असं आहे. बघू.

गिलेन


२ डिसेंबर

नॉर्मां,

काल कायदा लागला. एक डिसेंबर ते पंधरा मार्च, हिवाळ्याच्या टायरांशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही. बाबांनी सकाळी गाडी आतून-बाहेरून पुसली, हिवाळ्यात गाडीसाठी अंगणात उभारतो त्या पांढऱ्या तंबूत नेऊन उभी केली, तंबूची चेन खालपर्यंत ओढली, आणि चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

तुला बाबा माहीत आहेत. मातानच्या वाटेवरचं ते रेल्वे फाटक आठवतं? रूळ कधीच उखडून नेले, आता तिथे फक्त दोन खांब आणि गवत आहे. बाबा अजून थांबतात. बसच्या दिवसांत थांबायचे तसेच: पूर्ण थांबायचं, काच खाली करायची, दोन्हीकडे कान द्यायचा, मग निघायचं. मागचे लोक भोंगे वाजवतात. मी एकदा म्हटलं, "बाबा, रूळ काढलेत." म्हणाले, "रूळ काढलेत. नियम काढल्याचं मला कोणी कळवलेलं नाही."

अशा माणसाला चावी मागावी लागत नाही. फक्त टायर हलवावे लागतात.

हां. आता वाचतोच आहेस तर वाच. रबर गेलेलं नाही. क्लेरमोंने त्या टायरांना बोटही लावलेलं नाही. चारही टायर माझ्या तळघरात आहेत, बीटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागे, भिंतीला टेकून, वरून जुना पडदा. मी चाव्या मागितल्या नाहीत. मी टायर घेतले, उरलेलं काम सरकारने केलं.

तू म्हणशील, सरळ का नाही बोललीस? सरळ तू बोलला होतास. त्याचं काय झालं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. माझ्या पद्धतीत कोणी ओरडलं नाही, कोणी दार आपटलं नाही, तार्त शाबूत राहिली.

एकच अडचण आहे. आई. बाबा रोज बाराला तिच्याकडे जात होते हे तुला माहीत नसेल, की असेल? तिला आता बाकीचं फारसं कळत नाही, पण बारा वाजता दारात बाबा दिसले की तोंड उघडते, जेवते. तिथल्या बायकांनी भरवलं तर ओठ मिटून बसते. बाबा वाटाण्याचं सूप भरवतात आणि कोण मेलं, कोणाच्या गाईला काय झालं ते सांगतात. मी बाबांना म्हटलं, काळजी करू नका, हिवाळाभर मी नेईन तुम्हाला. रोज.

तुझी (एवढं म्हणायला कायद्याची हरकत नसावी),
गिलेन


२८ डिसेंबर

नॉर्मां,

नाताळ झाला. मांस भरलेला तूर्तिएर नेहमीसारखा कोरडा झाला आणि नेहमीसारखं सगळ्यांनी छान म्हटलं. तुझी खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती. बाबांनी तिच्यावर कोट टाकला.

'रोज' या शब्दाबद्दल लिहायचं आहे. मी शाळेच्या कार्यालयात बसते, दुपारची सुट्टी एवढीशी असते, आणि मातान नदीकाठाने अर्धा तास, बर्फ उडत असेल तर त्याहून जास्त. पहिला आठवडा रोज झालं. दुसऱ्यात दिवसाआड. मग 'जमेल तसं'. माझं 'जमेल तसं' म्हणजे काय ते तुला आठवत असेल. लहानपणी तुझा सायकलचा पंप मी याच बोलीवर नेला होता.

बाबा तक्रार करत नाहीत. अकरा वाजता दाढी करून, टोपी घालून खिडकीत बसतात. मी फोन करते: बाबा, आज नाही हो जमत. ते म्हणतात, "असू दे, असू दे," आणि टोपी काढत नाहीत. हे मला मादाम बुफारने सांगितलं. तिच्या खिडकीतून दिसतं. तिने बाबांना विचारलं होतं, मी सोडू का? बाबा म्हणाले, "जिचे भोपळे मारले तिच्या गाडीत बसायला तोंड कुठंय मला?"

टायरांची चौकशी मात्र रोज.

"आले का गं क्लेरमोंकडे?"

"जानेवारीत येतील म्हणतो."

"रिमूस्कीच्या गॅरेजला विचारू का मी फोन करून?"

"मी केला बाबा. त्यांच्याकडेही नाहीत." (नव्हता केला.)

"जानेवारी म्हणजे हिवाळा संपतच आला की."

"हिवाळा एप्रिलच्या शेवटी संपतो बाबा."

"मग सरकार पंधरा मार्च का म्हणतं?"

"सरकार आशावादी आहे," मी म्हटलं, आणि माझ्याच विनोदावर खूश होऊन भांडी घासायला गेले.

सगळ्यात हाल क्लेरमोंचे. त्याला मी कटात घेतलं, कारण न घेऊन उपाय नव्हता. गावात दुकान एक, गॅरेज एक, चर्च एक. परवा सहकारी दुकानात बाबा आत शिरले आणि हा गडी कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमागे जाऊन बसला. बाबा आरामात मटारांच्या डब्यांवरची अक्षरं वाचत उभे. हा तिकडे घामाघूम. मग माझ्याकडे आला.

"गिलेन, मी हॉकीत रेफरीला खोटं सांगत नाही, आणि तू मला तुझ्या बापाला खोटं सांगायला लावतेस?"

"सांगू नकोस. फक्त दिसू नकोस."

"अगं, माझं पोट बघ! मी कुठल्या पोत्यामागे मावणार?"

"हिवाळ्याचाच प्रश्न आहे."

"माझ्या अंगणात येऊन त्यांनी भोपळे मारले असते ना, तर मी सरळ म्हटलं असतं, रोझेर, पुरे आता. तू का म्हणत नाहीस?"

मी त्याला म्हटलं, तू तुझे नट-बोल्ट आवळ. नव्या वर्षाच्या शुभेच्छा तुलाही, नॉर्मां.

गिलेन


९ फेब्रुवारी

नॉर्मां,

तुझं कार्ड मिळालं. पुढे देवमासा, मागे एक ओळ: 'टायर बसवले का?' दोन वर्षांनी भावाचं अक्षर पाहिलं आणि ते असं. देवमासा फ्रिजवर लावला आहे. ओळ फ्रिजच्या दाराकडे आहे.

नाही. बसवले नाहीत.

जानेवारीच्या शेवटी वादळ आलं, रस्ता बंद. तो उघडला तर मला सर्दीताप. तो उतरला तर पुन्हा वादळ. बरेच दिवस गेले. मी तिकडे फोन करून विचारत होते. तिथली बाई म्हणाली, तुमच्या आई, मादाम रोलांद, छान जेवतात हल्ली, आमच्या हातून जेवतात. मी ही आनंदाची बातमी म्हणून बाबांना सांगितली. बाबा म्हणाले, "अस्सं." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

गेल्या मंगळवारी गेलो. बाबांनी सूप घरून करून नेलं होतं, डबा शालीत गुंडाळून मांडीवर. आई खिडकीशी बसली होती, केस छान विंचरलेले. बाबांनी खुर्ची ओढली, चमचा भरला. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, आपण कोणाकडे आलात?"

मी म्हटलं, "आई, असं काय करतेस, बाबा आहेत!" तिने माझ्याकडेही त्याच अदबीने पाहिलं.

बाबांनी मला हाताने गप्प केलं. खुर्ची थोडी मागे घेतली, पाहुणा घेतो तशी. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आपल्याकडेच आलोय, मादाम. सूप आणलंय. घ्याल थोडं?"

"घेईन की," आई म्हणाली. "त्रास घेतलात."

तिने सगळं सूप संपवलं. बाबांनी कोण मेलं, कोणाच्या गाईला काय झालं यातलं काही सांगितलं नाही. परक्या बाईला काय सांगणार.

परत निघालो. फाटकापाशी आलो, मी थांबले नाही, तशीच पुढे गेले. तेव्हा बाबा म्हणाले, "ती मला नव्हती ओळखत गं. बरेच महिने झाले. ती बाराच्या ठोक्याला ओळखायची. ठोका चुकला, मग मी कोण?"

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे व्हायचंच होतं, आज ना उद्या, रोज आला असता तरी. हे त्यांनी बाबांना सांगायला हवं होतं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. म्हणजे माझ्या तोंडावर काहीतरी लिहिलेलं असणार.

आता तू विचारशील, त्याच दिवशी जाऊन टायर का काढून दिले नाहीस? मी उतरले होते तळघरात. पडदा बाजूला केला. बाबांच्या अक्षरात प्रत्येकावर खडूने लिहिलंय: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. मी पडदा परत टाकला. टायर आज दिले तर नोव्हेंबरपासूनचं सगळं बोलावं लागेल. आणि आता त्या सगळ्यात आईसुद्धा आहे. डिसेंबरात कबूल केलं असतं तर एक थाप कबूल करायची होती. आता काय कबूल करायचं त्याला मला नावही सापडत नाही. त्यामुळे मी ठरवलं, हिवाळा जाऊ दे.

हे धाडस नव्हे, मला कळतं. तू कार्डावर लिहिलंस तसं एका ओळीत मला विचारू नकोस.

गिलेन


१९ मार्च

नॉर्मां,

बाबा ठीक आहेत. आधी हे. कपाळावर टेंगूळ आहे, बाकी ठीक.

हे पत्र मी परवा लिहायला घेतलं आणि एका वाक्यापाशी अडले. ते वाक्य तुझ्याबद्दल आहे, आणि ते तुला पाठवणं मला भाग आहे. येईल ते.

सोळा तारखेला सकाळपासून वारा. बर्फ वरून कमी, रस्त्यावरून आडवं जास्त; नदीकडून येऊन डांबर ओलांडून शेतात. शाळा बंद ठेवली होती. मी बाबांसाठी थोडं खाणं घेऊन निघाले. अंगणात तंबूची चेन वरपर्यंत उघडी, कापड फडफडतंय, आत गाडी नाही. घरात खिळ्यावर चावी नाही. ओट्यावर सुपाचं पातेलं, धुऊन पालथं घातलेलं.

आधी मला काही समजेचना. मग समजलं. पंधरा मार्च काल होता.

नॉर्मां, मी कायद्याची सुरुवात वापरली. शेवट माझ्या डोक्यात आलाच नाही. ते मला डिसेंबरात सांगत होते, मी भांडी घासत होते. सरकारच्या लेखी हिवाळा संपला होता. बाबा सरकारपेक्षा एक दिवसही आधी निघाले नसते आणि एक दिवसही नंतर थांबले नसते. चार ऋतूंवाल्या टायरांवर, कायद्याने पूर्ण निर्दोष, ते वादळात निघाले होते.

मी कशी चालवत गेले ते आठवत नाही. माझ्या टायरांनी नीट धरलं होतं. तेवढंच आठवतं: माझे टायर रस्ता किती छान धरतायत.

ते फाटकाच्या पुढेच होते. रूळ नसलेल्या फाटकाच्या. थांबायला ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. खांबांच्या मधून घसरत गेली आणि नाक खाली करून बर्फाच्या ढिगात शिरली. चारही दिवे लुकलुकत होते. आत ऊब राहावी म्हणून डब्यातली मेणबत्ती लावलेली, एक काच बोटभर उघडी, सगळं नियमाने. बाबा टोपी घालून, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसले होते. मांडीवर शालीत डबा.

मी काचेवर मुठी मारल्या.

"ठोकू नकोस. मेणबत्ती पडेल."

"बाबा, काय केलंत हे!"

"सोळा तारीख आहे. कायद्याने चालतं."

"कायद्याने चालतं, बर्फावर नाही चालत!"

"ते आता लक्षात आलं," बाबा म्हणाले.

मी दार ओढून आत बसले. कपाळ बघितलं. हात थंड होते. मग ते म्हणाले, "चांगले टायर असते तर उभी राहिली असती. साडेतीन महिने त्या क्लेरमोंला चार टायर मिळू नयेत? लहानपणापासून बसमधून नेलं मी त्याला. आता त्याचं तोंड बघणार नाही."

क्लेरमोंचं पोट, ती कुत्र्यांच्या खाण्याची पोती. माझ्याच्याने आणखी एक खोटं होईना.

"क्लेरमोंचा काही संबंध नाही बाबा. टायर चांगले आहेत. मी लपवले."

बाबांनी स्टीअरिंगवरचे हात काढून घेतले.

"कुठे?"

"माझ्या तळघरात."

त्यांनी मेणबत्ती जरा सरळ केली.

"उभे ठेवलेस की आडवे?"

"उभे."

"रिमसकट?"

"रिमसकट."

त्यांनी डोळे मिटले. "रिमसकट टायर उभे ठेवत नाहीत, गिलेन. एकाच जागी भार येतो. आडवे ठेवायचे, एकावर एक. दर वर्षी सांगत आलो. तुम्ही दोघं काय ऐकत होतात?"

मी रडायला लागले. त्यांनी रुमाल दिला नाही. एरवी देतात.

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो! ओरडलो असतो. तू दुप्पट ओरडली असतीस. भिंतीवर काहीतरी फेकलं असतंस, तुझ्या आईवर गेलीस तू. मग कदाचित मी चावी दिली असती. कदाचित नसती दिली. पण दिली न दिली, ती मी असतो. तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस." आणि मग ते वाक्य: "नॉर्मां निदान तोंडावर बोलला."

पोचवलं तुला. जसंच्या तसं.

मी थोरली, मी जवळ राहणारी, मी तुला म्हटलं होतं की मला मधलं काही जमत नाही. बघ, काय निघाले. चावी मागायची हिंमत नाही, चावी राहू द्यायचीही नाही. सगळ्या ऋतूंत थोडी थोडी चालणारी, आणि ब्रेक दाबल्यावर न थांबणारी.

मी त्यांना माझ्या गाडीकडे नेलं. पुढचं दार उघडून धरलं. ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

"घरी नको. मातानला चल. बारा वाजायचेत."

आईने त्यांना ओळखलं नाही. पण टेंगूळ बघून म्हणाली, "साहेब, तुम्हाला लागलंय," आणि मांडीवरचा रुमाल पाण्यात बुडवून त्यांचं कपाळ पुसत बसली. सूप निवून गेलं. बाबांनी मान हलवली नाही.

गिलेन


५ मे

प्रिय नॉर्मां,

बर्फ गेलं. खांबांपाशी गाडी जिथे रुतली होती तिथे आता चिखल आणि एक बदक आहे. गाडी दुरुस्त झाली.

मागच्या शनिवारी बाबांनी हुकूम सोडला: टायर घेऊन ये, क्लेरमोंकडे जायचं. मी चारही टायर तळघरातून एकेक वर आणले. बाबा वर उभे राहून बघत होते, हात खिशात. म्हणाले, "मागचा डावा आधी आणलास, बरं केलंस, तोच जड असतो." एकही जास्त जड नसतो. मला माहीत आहे, त्यांनाही.

गॅरेजपुढे अख्खं गाव. या शनिवारी सगळे हिवाळ्याचे टायर उतरवायला येतात. कोणी हॉकीबद्दल बोलतंय, कोणी कॉफी पितंय, आणि त्यात आम्ही, हिवाळ्याचे टायर चढवायला.

क्लेरमों बाबांना बघून सवयीने अर्धा वाकला. मग आठवलं असावं की आता लपायचं कारण नाही.

"मस्यू रोझेर! गिलेन, हे काय गं? सगळे काढतायत, तू घालतेस?"

"घाल."

"मे महिन्यात?"

बाबा म्हणाले, "तिला विचार. तीच सांगेल का ते. जरा मोठ्याने सांग गं, मागच्यांना ऐकू जात नाही."

मग मी सांगितलं. गाडीला टेकून, सगळ्यांसमोर. रबर गेलं नव्हतं, क्लेरमों खोटा नव्हता, रिमूस्कीला मी फोन केला नव्हता. मादाम बुफार कॉफीचा कप धरून ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे ते सगळा हिवाळा टोपी घालून खिडकीत बसायचे ते..." आणि कप खाली ठेवला. मला वाटतं, तिने शिवी दिली असती तर मी आभार मानले असते.

क्लेरमोंने टायर फिरवून बघितले. "थोडे चेपलेत एका अंगाला. चालवले की सुटतील," म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं.

आता खरं काम. हे पत्र मी बाबांच्या सांगण्यावरून लिहितेय. त्यांचं म्हणणं शब्दशः असं: "नॉर्मांला बोलाव. मी चालवेन, तो बाजूला बसेल, मातानला जाऊन येऊ. तो म्हणाला 'बाबा, पुरे', तर फाटकापाशी चावी त्याच्या हातात देईन. तो म्हणाला चालवा, तर चालवेन. तू मागे बस. तुझं मत आता मला नको." हिवाळ्याच्या टायरांवरच जायचं म्हणतात. ज्यांच्यावर चालवायचं होतं, त्यांच्यावर. तोवर ते उतरवायचे नाहीत.

मला वाटतं, ते अजून चांगलं चालवतात. मला असंही वाटतं की ते कधीतरी पुन्हा मादाम बुफारच्या अंगणात वळतील. दोन्ही वाटतं, आणि दोन्हीपैकी एकही म्हणायचा हक्क माझ्याकडे राहिला नाही. तो तुझ्याकडे आहे. तू एकटाच त्यांच्याशी भांडलास.

मी आता त्यांना रोज नेते. शाळेत सांगून दुपारची सुट्टी वाढवून घेतली, संध्याकाळी भरून देते. हे नोव्हेंबरातही मागता आलं असतं, मागितलं नव्हतं. बाबा मागेच बसतात. फाटक आलं की माझ्या सीटवर मागून बोटाने दोनदा टकटक करतात. मी पूर्ण थांबते, काच खाली करते, दोन्हीकडे कान देते. काही येत नसतं. मग ते म्हणतात, "चल."

आई काल मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे साहेब फार चांगले आहेत. रोज येतात. विवाहित आहेत का, काही कळलं?" मी म्हटलं, "विचारून सांगते." विचारलं. बाबा सगळी वाट खिडकीबाहेर बघत होते, घरापाशी आलो तेव्हा म्हणाले, "सांग, आहेत. पण येत राहतील."

गाडी अंगणात उभी आहे. तंबू काढला. संध्याकाळी बाबा तिच्यात बसून अंगणाच्या फाटकापर्यंत पुढे जातात आणि मागे येतात, पुढे जातात आणि मागे येतात. येणारा-जाणारा टायर बघतो आणि हसतो. बाबा हात करतात.

तिकीट कधीचं काढतोस ते कळव. कार्डावर एक ओळ लिहिलीस तरी चालेल, देवमासा असला तरी चालेल. तार्त करून ठेवते. या वेळी आधी खाऊ, मग बोलू.

ऊन वाढलं की हे रबर भराभर झिजतं, बाबा म्हणतात. लवकर ये.

तुझी,
गिलेन